मूठभर राता

हिराजी तात्यांच्या सदऱ्याचा डावा खिसा कायम लोंबलेला असे. उजव्या खिशात तंबाखूची डबी, चष्मा, पंचायतीच्या कपाटाची किल्ली, असं सरपंचाला लागणारं सगळं. डाव्यात फक्त भात. सालीसकट, मूठभर राता भात. आमच्या गावच्या खाऱ्या खाचरांत पिकणारा, तांबड्या दाण्याचा. बोलता बोलता तात्या मधेच थांबत, डाव्या खिशात हात घालत, बंद मूठ समोरच्याच्या नाकापुढे नेत आणि हळूच उघडत. नखानं एक दाणा सोलून आतला तांबडा रंग दाखवत. मग म्हणत, "ह्यो बघा. माझ्या आज्याचा बी."

माणूस नवा असेल तर त्याच्या अंगावर काटा यायचा. आमच्या यायचा नाही. आम्हाला माहीत होतं की तात्यांच्या पायाला चिखल लागून जमाना झालाय. त्यांची बरीचशी खाचरं नव्या शहरासाठी कधीच गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. त्यातल्याच एका खोलीत आम्ही राहायचो. बी आज्याचं होतं, हे खरं. पण ते जिवंत ठेवलं होतं त्यांच्या विधवा भावजयीनं, चांगुणाकाकीनं. कुठे भाषण असलं की आदल्या दिवशी तात्या तिच्या ओटीवर हजर.

"वैनी, मूठभर राता द्या."

"पेरनार हाव का खानार?"

"दाखवनार."

काकी कणगीत हात घालायची आणि मूठ थेट त्यांच्या खिशात ओतायची. सुपातून द्यायची नाही. सुपातून दिलेलं बी पेरावं लागतं, असा गावचा रिवाज होता. तात्यांसाठी सूप खाली काढण्यात अर्थ नव्हता.

सभा संपली की ते दाणे टेबलाखाली, खुर्च्यांच्या पायाशी सांडलेले असत. वाशीच्या हॉलमधल्या झाडूवाल्यांनी आमच्या गावचा किती राता झाडून नेला असेल, देव जाणे.

माझे वडील साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहायचे. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझा निकाल लागला तेव्हा तात्यांनी देवळापुढे सत्कार ठेवला. शाल, नारळ, लाउडस्पीकर. भाषणाच्या सुरुवातीला मी पदवीधर होते. चहा फिरेपर्यंत डॉक्टर झाले. शेवटी शेवटी तात्या म्हणाले, "ही पोर उद्या दिल्लीत बसून देशाची शेती चालवनार हाय!" टाळ्या पडल्या. वडिलांनी कौतुकानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "हे कवा ठरलं?"

मी नावड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. मला त्यात काडीचं कमी वाटलं नाही. तात्यांना मात्र वाटलं. रस्त्यात भेटले की म्हणत, "आजून हितंच काय गो, बीएस्सी?" जणू मी त्यांना दिलेला शब्द मोडला होता.

तात्या काय चीज होते ते कळायला स्मशानाच्या छपराची गोष्ट पुरेशी आहे. आमचं स्मशान खाडीकाठी, उघड्यावर. पावसाळ्यात माणूस गेला की घरच्यांना आधी रॉकेलची काळजी, मग रडणं. गावाचं म्हणणं एवढंच होतं की चार लोखंडी खांब आणि वर पत्रे मिळावेत. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, तसा अर्ज तयार केला. भाऊसाहेब मराठवाड्याकडचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे; त्यांचा अर्ज वरून कधी परत येत नसे. कारण ते मिळेल तेवढंच मागत.

तात्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "चार पत्रं? जित्तेपनी मानसाला काय भेटला नाय, मेल्यावर तरी मोठा काय भेटू द्या की, भाऊसाहेब! विद्युतदाहिनी लिवा."

"तात्या, आपल्या गावाला संध्याकाळी दिवे टिकत नाहीत, बरं का."

"लिवा तुमी."

अर्ज परत आला. तात्यांनी तो पुन्हा पाठवला, या वेळी दाहिनीभोवती बगीचा मागून. त्या पावसाळ्यात वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याला आम्ही ताडपत्रीखाली जाळला. चौघांनी चार कोपरे धरले होते. धुरानं त्यांचे डोळे मिटत होते आणि वाऱ्यानं ताडपत्री जात होती. तात्या बाजूला छत्री घेऊन उभे. सांगत होते की दाहिनी आली की धूरसुद्धा व्हायचा नाही.

घरी आल्यावर वडील अंग पुसत म्हणाले, "आमच्या मार्केटात बी असा एखादा असतोय. ल्हान पोतं दिलं तर त्येला लाज वाटतीय, आन् मोठं उचलत न्हाई. दिसभर हूक घिऊन हुबा."

मग कंपनी आली.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. गावातला एकजण पनवेलला राहायला गेला होता. त्याची पडीक खाचरं एका बियाण्याच्या कंपनीनं भाड्यानं घेतली. तिथे नव्या भाताची चाचणी होणार होती. बियाण्याच्या आतच फेरफार केलेला होता, त्यामुळे त्याला खोडकिडा लागणार नाही असं कंपनी म्हणत होती. गावाला कुणी विचारलं नाही. एक दिवस खाडीच्या बांधावरून जीप आली, रोपं उतरली आणि 'प्रवेश निषिद्ध' असा बोर्ड लागला, तेव्हा गावाला कळलं. पेपरात तेव्हा अशा बियाण्यांवरून रोज भांडण चालू होतं. कुठे कुणी कापूस उपटला, कुठे मोर्चा निघाला. आमच्याकडे बोर्ड लागला तो नेमका चांगुणाकाकीच्या खाचराला लागून. मधे वीतभर रुंदीचा बांध.

काकीकडे दोनच खाचरं राहिली होती, आणि गावात राता पेरणारी तेवढी तीच राहिली होती असं नाही. पण बी राखणारी ती एकटी होती. इतरांना तेवढा सोस नव्हता. पावसाच्या तोंडावर चार घरं सूप घेऊन तिच्या ओटीवर यायची. ती सुपात बी घालायची, वर हळदीचं बोट लावायची आणि म्हणायची, "निवळ हाय." म्हणजे यात दुसरं काही मिसळलेलं नाही. पीक आलं की तेवढंच सूप भरून परत. तिची सासू हेच म्हणायची, सासूची सासू हेच. त्या एका शब्दावर माणसं वर्षभराचं पीक टाकत.

एक दिवस तिनं मला बोलावून ओटीवर बसवलं.

"तू शिकलेली हास. मना सांग. कंपनीचा भात फुलला तं माझ्या भातान येल?"

मी शिकले होते तेच सांगितलं. भाताचं फूल आपलं आपणच फळतं. वाऱ्यानं शेजारचं येतं ते थोडं, फार थोडं.

"थोडा म्हंजे, येल का नाय येल?"

"येईल."

"मंग झाला."

एक गोष्ट इथे सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी विज्ञान शिकून विसरले. त्या कंपनीच्या भातात वाईट काय होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. कदाचित काहीच नसेल. काकीलाही मी हे सांगितलं. ती म्हणाली, "चांगला आसल, वायट आसल. माझा नाय ना? मंग मी कोनच्या तोंडान निवळ बोलू?"

हा प्रश्न माझ्या पुस्तकांत नव्हता, आणि कंपनीकडे तर नव्हताच.

तात्यांना मात्र आनंदाचं भरतं आलं. इतकी वर्षं गटारं, नळ, पत्रे असल्या विषयांत अडकलेल्या या माणसाला शेवटी त्याच्या मापाचा विषय मिळाला. त्यांनी मला पंचायतीत बोलावलं. "बीएस्सी, ह्या भातान काय घातलाय ते सोप्या भाषेत सांग." मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. मातीत एक साधा जंतू असतो, डोळ्याला दिसत नाही. किडीला मारणारा त्याचा एक गुण उचलून भातात आणलाय. तात्या मन लावून ऐकत होते. मधे मधे मान हलवत होते. मला वाटलं, कळलं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे तात्या म्हणाले, "भातान इंचवाचा अंश घातलाय!"

मी जाऊन म्हटलं, "तात्या, जंतू. मी जंतू म्हटलं होतं."

"आगो, जंतू कोनाला दिसतंय? इंचू दिसतंय."

वाशीच्या सभेत त्या विंचवाचा नाग झाला. बेलापूरला कुठल्याशा परिसंवादात तात्यांना बोलावलं, तिथे नागाच्या जोडीला उंदीर आला. माणसाचा अंश यायच्या आत परिसंवाद संपला, हे नशीब. प्रत्येक ठिकाणी मूठ उघडत होती, "माझ्या आज्याचा बी" होत होतं, आणि शहरातल्या बाया डोळे पुसत होत्या. तात्यांना हार पडत. ते हार घेऊनच रिक्षातून उतरत, आणि रिक्षा मुद्दाम गावाच्या अलीकडच्या टोकाला सोडत, म्हणजे सगळ्या गावातून हारासकट चालत जाता येतं.

तात्या कंपनीला विकले गेले होते, असं पुढे काही जण म्हणाले. ते खोटं आहे. कंपनीच्या साहेबानं त्यांना काय काय देऊ केलं असेल ते असो. तात्यांनी घेतली ती एक टोपी. साहेब शिवार दाखवायला आला तेव्हा ऊन होतं, म्हणून त्यानं कंपनीचं नाव असलेली टोपी दिली. ती तात्यांना आवडली. पुढे महिनाभर तात्या तीच टोपी घालून कंपनीविरुद्ध बोलले. कुणी सांगितलं तर म्हणत, "डोका माझा हाय ना?" नाही, ते विकले गेले नव्हते. विकला गेलेला माणूस बरा, त्याला निदान पुन्हा विकत घेता येतं. हाराला लाचावलेल्याला कोण घेणार?

इकडे भात वाढत होता. गणपती उठले की भात फुलतो. त्याच्या आत काहीतरी व्हायला हवं होतं. काकीनं तात्यांना दोनदा विचारलं. तात्या म्हणाले, "वैनी, वातावरन तापतंय. जरा तापू द्या."

शेवटी काकीच भाऊसाहेबांकडे गेली, मला घेऊन. भाऊसाहेबांनी हात वर केले. "कंपनीच्या साहेबानं कागद दाखवले ना, काकी. दिल्लीची परवानगी आहे म्हणतात. भात काढा असं ग्रामपंचायत म्हणू शकत नाही. उद्या वरून एका ओळीत उत्तर येईल."

काकी म्हणाली, "परवानगी भाताला हाय. बांधाला कोनाची हाय?"

"म्हणजे?"

"कंपनीनं बांधाला मानूस दिला का?"

भाऊसाहेब खुर्चीत सरळ झाले. मी साताऱ्याकडची, मला कळायला जरा वेळ लागला. गोष्ट अशी. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाच्या बाहेरून मोठा मातीचा बांध आहे. पावसाआधी त्याची डागडुजी करायला शेती करणाऱ्या प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचा, हा जुना नेम. ज्या घरानं माणूस दिला नाही, त्यानं त्या साली बांधावरून जायचं नाही. डोक्यावर पेंढी असो की नवरदेव असो, चिखलातून जा. सख्ख्या भावांना लोकांनी असं चिखलातून धाडलं होतं. बांध गावानं घातलेला, गावाच्या हातात. आणि पावसाळ्यात खाचरांकडे जायला दुसरा रस्ताच नव्हता. जीप बंद झाली तर कंपनीचं खत, औषध, माणसं सगळं बंद. कंपनी आपोआप गाशा गुंडाळणार.

भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला. तीन ओळी. 'ज्यांनी बांधाच्या कामास माणूस दिलेला नाही, त्यांस चालू हंगामात बांधावरून ये-जा करता येणार नाही. कंपनीनेही माणूस दिलेला नाही. सबब तिची वाहने व माणसे बंद करावीत.' त्यात विंचू नव्हता, नाग नव्हता, देश नव्हता. मी आयुष्यात वाचलेला तो सगळ्यात सुंदर सरकारी मजकूर.

"हे परत येणार नाही, बरं का," भाऊसाहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना हसताना बघितलं.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा. झेंडावंदन झालं, पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, आणि सगळा गाव देवळापुढच्या मांडवात बसला. तात्यांनी वाशीहून दोन पेपरवाले बोलावले होते. एकाच्या गळ्यात कॅमेरा. कंपनीचा साहेबही मागे उभा होता, हाताची घडी घालून. आदल्या दिवशी खिसा भरून नेलेला होता, त्यामुळे तात्यांचा सदरा डावीकडे कलला होता.

भाऊसाहेबांनी ठराव त्यांच्या हातात दिला. तात्यांनी वाचला. उलटून मागची बाजू बघितली, तिथे अजून काही आहे का म्हणून. मग भाऊसाहेबांच्या कानाशी वाकले. पण माइक चालू होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "ह्याच्यासाठी पेपरवाले बोलावले काय मी?"

कागद त्यांनी घडी करून उजव्या खिशात घातला. डाव्या खिशातून मूठ काढली. कॅमेरेवाला पुढे सरकला. आज्याचं बी झालं. नाग झाला. मग तात्या म्हणाले, "आपला ठराव असा हाय, का केंद्र सरकारनं अख्ख्या देशान आसल्या सगल्या बियान्यावर ताबडतोब आन् कायमची बंदी घालावी!"

मांडव टाळ्यांनी हादरला. माझ्या वडिलांनीही वाजवल्या. टाळ्या वाजवण्यासारखंच वाक्य होतं ते.

काकी बायकांतून उभी राहिली. "भावजी, बांधाचा काय?"

"बसा वैनी, सांगतो."

"आधी सांगा. बांधाचा काय?"

तात्यांनी पेपरवाल्यांकडे बघून हसून घेतलं. "वैनी, बांध ल्हान गोष्ट हाय. आपन देशाचा बोलताव."

"देश माझ्या खाचराला लागून नाय. कंपनी हाय."

दोन-चार बायका हसल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "बरोबर हाय काकीचा!" पण तात्या कसलेले. त्यांनी आवाज चढवला. "परमिशन दिल्लीची ना? मंग ठराव पन दिल्लीलाच जानार! ज्यांना देश मोठा वाटतंय त्यांनी हात वर करा."

आता यावर हात कोण खाली ठेवणार? पंधरा ऑगस्टला? झेंड्यासमोर? सगळे हात वर गेले. भाऊसाहेबांचाही गेला असता, पण त्यांना मत नव्हतं. काकी उभीच होती, दोन्ही हात पदरात. मागे बघितलं तर कंपनीच्या साहेबानंसुद्धा गंमत म्हणून हात वर केला होता.

ठराव पेपरात आला, फोटोसकट. मूठ उघडलेली, टोपीवरचं कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येतं. थोड्याच दिवसांत वरून उत्तर आलं. भाऊसाहेब म्हणाले होते तसंच, एका ओळीत: सदर विषय ग्रामपंचायतीच्या अधिकारात येत नाही. दुसऱ्या कुणाचं तोंड उतरलं असतं. तात्यांनी ते उत्तर चौकटीत घालून पंचायतीत लावलं. "बघा, वरपर्यंत दखल घेतली!"

काकी म्हणाली, पुन्हा सभा घ्या, बांधाचा तेवढा ठराव करा. अजून भात फुलला नव्हता. तात्या खरोखर दुखावले. "देशावरून बांधावर येऊ? लोक काय बोलतील, वैनी?"

मग बायकांनीच एका सकाळी बांध अडवला. काकी पुढे, मागे सात-आठ जणी, कमरेला पदर खोचून. मीही शाळेत जायच्या आधी गेले होते. जीप थांबली. साहेब उतरला, चिडला नाही, उलट फार अदबीनं बोलला. "काकी, टेन्शन घेऊ नका. पण अडवताय कशाच्या आधारावर? तुमचा ठराव पेपरात आलाय, मी वाचलाय. त्यात देश आहे, केंद्र सरकार आहे. बांधाचं नावसुद्धा नाही."

काकीनं माझ्याकडे बघितलं. पेपर गावात घरोघरी होता.

बायका बाजूला झाल्या. जीप गेली. चिखलाचे शिंतोडे आमच्या साड्यांवर बसले ते मी शाळेच्या नळावर धुतले.

गणपती उठले आणि भात फुलला. काकीचा आणि कंपनीचाही. लांबून बघितलं तर एकच हिरवं.

कंपनी एक हंगाम राहिली आणि निघून गेली. चाचणीत काय निघालं ते गावाला कुणी सांगितलं नाही. तात्यांनीही विचारलं नाही, तोवर ते एका बंदराच्या प्रश्नात शिरले होते, द्रोणागिरीकडे. बोर्ड मागे राहिला. त्यावर कुणीतरी गोवऱ्या थापायला लागलं.

काकीनं भात कापला, झोडला आणि परत आलेल्या सुपांसकट झाडून सगळा गिरणीवर नेला. बियाण्याला सूपभरही ठेवला नाही. पुढच्या पावसाच्या तोंडावर चार घरं रिवाजाप्रमाणे ओटीवर आली. "थोडाफार आसल तं दे, आमाला चालल," असंही म्हणाली. काकीनं नाही म्हटलं. लोकांना चाललं असतं, तिला चालत नव्हतं. दोन घरांनी बाजारातून पिशवीचं बी आणलं, दोघांनी खाचरं पडीक टाकली. पुढे त्यांवर मातीचा भराव पडला. राता असा गेला. उपटून नाही, जाळून नाही. टाळ्या वाजवून.

मी एकदा काकीकडे बसले असताना तात्या आले. नवा सदरा, डावा खिसा सपाट. सुनेनं जुना सदरा खिसा न बघता धुवायला टाकला होता आणि होते नव्हते ते दाणे मोरीतून गेले होते.

"वैनी, मूठभर राता द्या. वाशीला सभा हाय, मोठी."

"पेरनार हाव का खानार?"

तात्या हसले. त्यांना वाटलं, मिळणार. "दाखवनार."

काकी उठली. आत जाऊन रिकामी कणगी धरून ओढत ओटीवर आणली आणि त्यांच्यासमोर तिरपी केली. आतल्या बुडाला थोडी तुसं चिकटली होती.

"ह्यो दाखवा."

तात्या वाकून आत बघत राहिले. मला वाटलं, आता या माणसाला काहीतरी होईल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कळवळून म्हणाले, "आरारा. सरकारचा दुर्लक्ष, दुसरा काय!" आणि निघून गेले. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले नाही. त्या घरमालकाला मी नेहमी सोडायला जात असे.

त्यानंतर ते निवडणूक हरले. आम्हीही कळंबोलीला स्वतःच्या खोलीत गेलो. गाव मागे पडला.

शेवटचे दिसले ते एका लग्नात. काकीच्या नातीचं लग्न, नव्या वस्तीतल्या मोठ्या हॉलमध्ये. मी काकीशेजारी बसले होते. तात्या पुढच्या रांगेत, बरेच वाळलेले, पण सदरा कडक. शेजारी कोणीतरी सुटाबुटातला पाहुणा, नवऱ्या मुलाकडचा. तात्या त्याला काहीतरी सांगत होते, आणि लांबूनही मला कळत होतं काय ते. बोलता बोलता ते थांबले. हात डाव्या खिशात गेला. तिथे तसाच राहिला.

तेवढ्यात अक्षता वाटणारी पोरगी ताट घेऊन आली. कुंकवात भिजवलेले तांदूळ, लालभडक. तात्यांनी मूठभर घेतले. चिमूटभर घेतात माणसं.

मंगलाष्टकं झाली. 'सावधान' झालं. सगळ्या हॉलनं अक्षता टाकल्या. काकीनं टाकल्या, मी टाकल्या, त्या पाहुण्यानंही टाकल्या. तात्यांची मूठ मिटलेलीच. वाजंत्री थांबल्यावर त्यांनी ती पाहुण्याच्या नाकापुढे नेली आणि हळूच उघडली. घामानं कुंकू सुटून तळहात लाल झाला होता.

"ह्यो बघा. माझ्या आज्याचा बी."

पाहुणा आदरानं वाकला. एक दाणा उचलून त्यानं उजेडात धरला. "अजून उगवतं का हो हे?"

"उगवतं म्हंजे?" तात्यांचा आवाज तोच, माइकशिवाय हॉलभर जाणारा. "अख्ख्या देशान उगवल!"

काकीनं ते ऐकलं. पदरावर पडलेल्या अक्षता तिनं झटकल्या.

"चल गो," ती म्हणाली, "पंगत बसली."